लाल टोकाचा टंगस्टन

आमच्या अण्णांचं सातपूरला एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक कटर, एक बेंच ग्राइंडर आणि तीन माणसं, त्यातले एक अण्णा स्वतः. काम आर्गनचं. पुस्तकात त्याला टिग वेल्डिंग म्हणतात पण सातपूरला कोणासमोर टिग म्हणालात तर तो दोन सेकंद थांबेल आणि मग म्हणेल, हां हां, आर्गन. स्टेनलेसच्या टाक्या करायचे, डेअरीवाल्यांना, फार्मावाल्यांना, आणि नाशिकला वाइनचं वारं सुटल्यावर वायनरीवाल्यांनाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचे, कारण घरी लाइट नसायची आणि शेडमध्ये निदान फॅन होता. माझं आवडतं काम म्हणजे टंगस्टनच्या रॉडची टोकं काढताना बघणं. वीतभर लांब, करड्या रंगाच्या कांड्या, एका टोकाला लाल रंग फासलेला. वेल्डिंग करता करता टोक बोथट व्हायचं, मग अण्णा ग्राइंडरवर धरून गरागरा फिरवत घासायचे, शिसपेन्सिलीसारखं टोक निघायचं आणि ग्राइंडरच्या खाली करडी भुकटी साचायची. टोक नीट नसलं की आर्क, म्हणजे वेल्डिंगची ती विजेची ज्योत, भटकतो, असं अण्णा म्हणायचे. फुंकर मारून टोक बघायचे. तोंडाला कधीतरी रुमाल, बहुतेक वेळा तोही नाही. मीही शेजारीच स्टुलावर.

रंग लालच का, हे मी कधी विचारलं नाही. दुकानदाराकडे जाऊन 'लाल टोकाचे द्या' म्हणायचं, पाकीट घ्यायचं, विषय संपला.

आता एकदम इटली. माझं तिथे जाणं कसं झालं ती वेगळी रामकहाणी आहे, ती सोडून देते. रोमकडून पूर्वेला जाणारा ए-२४ हायवे ग्रान सास्सो डोंगराच्या पोटातून जातो, बोगदा साधारण दहा किलोमीटरचा, एका बाजूला लाक्विला आणि दुसऱ्या बाजूला तेरामो. १९७९ साली आंतोनिनो झिकिकी नावाच्या फिजिक्सवाल्याने असं सुचवलं की बोगदा खणताच आहात तर शेजारी आम्हाला लॅबपण खोदून द्या, आणि सरकारने चक्क दिली. तीन मोठी दालनं, एकेक शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद, डोक्यावर १४०० मीटर दगड. गंमत म्हणजे लॅबचं दार तेरामोकडून येणाऱ्या बोगद्यातच आहे, त्यामुळे आमची व्हॅन लाक्विलाच्या बाजूने निघायची, लॅबला वळसा घातल्यासारखा अख्खा बोगदा पार करून पलीकडे बाहेर पडायची, यू-टर्न घ्यायची, परत आत शिरायची, आणि मग कुठे मध्येच ते दार. कसारा घाटातले बोगदे मोजत मोठी झालेली मी, मला पहिल्या दिवशी वाटलं ड्रायव्हर रस्ता चुकला.

आत थंडगार असतं, सहा-सात डिग्री, आणि भिंती ओल्या.

इतका दगड डोक्यावर कशाला घ्यायचा? तर आभाळातून चोवीस तास म्युऑन नावाच्या कणांचा पाऊस चालू असतो. तळहात उघडा धरा, सेकंदाला साधारण एक आरपार जातो. आपल्याला काही होत नाही. पण ज्यांना डार्क मॅटरचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा, एखादा कण वर्षा-दोन वर्षांतून धडकतो का ते बघायचंय त्यांच्यासाठी हा पाऊस म्हणजे ढोल-ताशा पथकात उभं राहून घड्याळाची टिकटिक ऐकण्यातला प्रकार. डोंगर हा पाऊस दहा लाख पटीने कमी करतो. खाली एका चौरस मीटरवर तासाला एखादा म्युऑन येतो, बस.

तर छप्पर गळायचं थांबलं. पण भिंतीच्या ओलीचं काय? ज्या स्टीलची टाकी करणार, ज्या तांब्याचं शील्ड, ज्या केबल, ज्या चिनीमातीच्या बारीकसारीक वस्तू, स्क्रू, डिंक, त्या सगळ्यांत चिमूटभर युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतंच, त्यांचे अणू आपोआप फुटतात आणि तसाच गोंगाट करतात. असतंच, कारण ते मातीत असतं, आणि सगळं शेवटी मातीतूनच येतं. साध्या मातीत दहा लाखात तीन भाग युरेनियम आणि दहाएक भाग थोरियम सहज सापडतं. म्हणून प्रयोग बांधायच्या आधी प्रत्येक वस्तू तपासायची, आणि ते माझं काम होतं. लोक विचारायचे काय करतेस, मी म्हणायचे तांदूळ निवडते.

तांदळातला खडा निदान दिसतो. इथे हिशोब असा की एक केळं घ्या, त्यातल्या पोटॅशियममुळे त्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, म्हणजे दिवसाला तेरा लाखाच्या आसपास. ते खाऊन कोणाला काही झालेलं नाही. आणि डिटेक्टरच्या जवळ लागणारं चांगलं तांबं कसं पाहिजे, तर एका किलोत दिवसाला जेमतेम एखादा. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी शून्यं परत मोजली होती. बरं, मी स्वतः म्हणजे चालतंबोलतं पोटॅशियम, सत्तर किलोच्या माणसात सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात, म्हणजे त्या खोलीतली सगळ्यात अस्वच्छ वस्तू कोण, तर सॅम्पल ठेवायला आलेली बाई.

काम असं चालायचं. सॅम्पल आलं की आधी धुणं. अल्ट्रासॉनिक बाथ, ॲसिड, मग अल्कोहोल, मग दुहेरी पिशवी. बोटाचा ठसासुद्धा उमटता कामा नये. धुळीचा इतका धसका की डार्क मॅटर शोधणाऱ्या काही प्रयोगांत सात-सात टन द्रव झेनॉन भरलेल्या टाकीच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागांवर मिळून एक ग्रॅमही धूळ चालत नाही, आणि इकडे आमच्या नाशिकच्या घरात खिडकीच्या एका फळीवर रोज सकाळी तेवढी पुसली जाते. मग सॅम्पल जर्मेनियमच्या डिटेक्टरला लावायचं. उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनने गार केलेला जर्मेनियमचा स्फटिक, भोवती तांबं, त्याभोवती शिशाच्या विटा, आणि आतमध्ये नायट्रोजन वायू सतत सोडलेला, कारण हवेत रेडॉन नावाचा रेडिओॲक्टिव्ह वायू असतो आणि तो कुठूनही घुसतो, त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ, ३.८ दिवसांचं, म्हणून सॅम्पल ठेवल्या ठेवल्या पहिले काही दिवस मोजलेलं धरायचंच नाही, आधी रेडॉनची पिल्लावळ मरू द्यायची.

मग दार बंद आणि वाट बघणे. आठवडा, कधी महिना, कधी त्याहून जास्त. किलोमागे एक मिलीबेकरेल म्हणजे दिवसाला शहाऐंशी अणू फुटणार, त्यातले डिटेक्टरला दिसणार शंभरात दोन-तीन, म्हणजे दिवसाला दोन टिंबं. संध्याकाळी स्क्रीन बघावी तर कालच्या ठिकाणी अजून एक ठिपका. ठिपका कुठे बसला त्यावरून फुटताना निघालेली ऊर्जा कळते. १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ठिपके जमले की पोटॅशियम. ६०९ ला जमले की युरेनियमच्या साखळीतला, म्हणजे ते फुटत फुटत पुढे जे होत जातं त्यातला, बिस्मथ. ११७३ आणि १३३२ जोडीने आले की कोबाल्ट-६०, स्टील असलं की ही जोडी बऱ्याचदा हजर, कारण भट्टीचं अस्तर किती झिजलं ते कळावं म्हणून अस्तरात कोबाल्ट घालायची पद्धत होती, आणि कधी कधी चुकून एखादा रेडिओॲक्टिव्ह सोर्स भंगारातून भट्टीत जातो. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात असाच कोबाल्टचा सोर्स फोडला गेला, तिथे काम करणारा एक जण गेला. आणि सगळ्यात उजवीकडे, एकटा, २६१४ ला, थोरियमच्या साखळीतला थॅलियम.

या आकड्यांची मला माणसांसारखी ओळख झाली. गर्दीत लांबून चाल बघून कळतं ना कोण येतंय, तसं.

आणि इतकं करून रिझल्ट काय, तर बहुतेक वेळा 'पेक्षा कमी'. टेबलात आकड्याच्या आधी ते छोटं चिन्ह. युरेनियम इतक्यापेक्षा कमी, थोरियम तितक्यापेक्षा कमी. किती आहे ते नाही कळलं, इतकंच कळलं की याहून जास्त असतं तर एवढ्या दिवसांत दिसलं असतं. अजून खाली जायचं तर अजून दिवस मोजा, आणि चारपट दिवस मोजले तर मर्यादा जेमतेम निम्मी होते, म्हणजे सरकारी कामासारखं. शून्य कधीच लिहिता येत नाही. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. दोन महिने खपायचं आणि हातात काय, तर नाही दिसलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग चांगलंच झालं की.

या तपासणीला नुसतं हिशोबनीस लोकांचं काम समजणाऱ्यांना मी २०२० ची गोष्ट सांगते. त्या जूनमध्ये तिथल्याच झेनॉन-वन-टी प्रयोगाने जाहीर केलं की एका कमी ऊर्जेच्या पट्ट्यात आम्हाला २३२ घटना अपेक्षित होत्या आणि दिसल्या २८५. जगभर गलका. सूर्यातून आलेले ॲक्सिऑन, म्हणजे अजून कोणी न पाहिलेले कण, असतील का, न्यूट्रिनो नावाच्या, कशालाही सहसा न धडकणाऱ्या कणाचा काही नवा गुण असेल का. पण त्याच पेपरात त्यांनी हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ट्रिटियम, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह हायड्रोजन, असू शकतं, आणि किती, तर किलोभर झेनॉनमध्ये तीनसुद्धा नाहीत इतके अणू. तीन अणू! ते आहेत असंही दाखवता येईना आणि नाहीत असंही. शेवटी २०२२ मध्ये पुढचा, आणखी स्वच्छ प्रयोग, झेनॉन-एन-टी, त्याने मोजलं तर जास्तीच्या घटना गायब. दोन वर्षं थिअरीवाल्यांनी पेपरांचा ढीग लावला होता.

शिशाचं तर अजून वेगळं. शिसं शील्ड म्हणून उत्तम, पण ताज्या शिशात शिसं-२१० असतं, ते स्वतःच रेडिओॲक्टिव्ह, आणि भट्टीत युरेनियम-रेडियम वेगळं काढता येतं पण शिशातून शिसं कसं काढणार. अर्धं आयुष्य बावीस वर्षांचं. म्हणजे जुनं शिसं पाहिजे, जितकं जुनं तितकं बरं, लोणच्यासारखं. सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ माल दी व्हेंत्रे नावाच्या बेटापाशी दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं एक रोमन जहाज सापडलं, त्यात शिशाच्या विटाच विटा, एकेक तेहतीस किलोची. इटलीच्या फिजिक्सवाल्यांच्या संस्थेने ते उकरायला पैसे दिले आणि बदल्यात काही विटा घेतल्या. २०१० मध्ये कालियारीच्या म्युझियमकडून आणखी १२० विटा ग्रान सास्सोला आल्या. रोमन कारागिरांचे शिक्के असलेला भाग कापून जपून ठेवला आणि बाकीचं वितळवून क्युओरे नावाच्या प्रयोगाभोवती लावलं. पुरातत्त्ववाल्यांपैकी काहींना ते पटलं नाही. मी विज्ञानाच्या बाजूची, तरी त्या कापलेल्या शिक्क्यांचा फोटो बघितल्यावर माझ्याही पोटात कसंतरी झालंच. भूमध्य समुद्राच्या तळाशी दोन हजार वर्षं काहीही न करता पडून राहिलेली वस्तू, आणि तिची किंमत तेवढ्यासाठीच, की ती पडून राहिली.

आपल्याकडेही हे उद्योग आहेत बरं का. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत साधारण २.३ किलोमीटर खाली टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले, जगात पहिल्यांदा पकडणाऱ्यांत ते होते. ती खाण बंद पडली. हल्ली झारखंडात जादूगोड्याला ५५५ मीटर खाली एक लॅब आहे, तीही युरेनियमच्या खाणीत, म्हणजे उपास करायचा आणि बसायचं मिठाईच्या दुकानात. आणि कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, समुद्राला लागून, डोक्यावर डोंगर-बिंगर काही नसताना जर्मेनियम डिटेक्टरभोवती तांबं आणि शिसं रचून कथिलाच्या प्रयोगासाठी सामान तपासतात. मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं. कसाऱ्याच्या पुढचा आपला काळा बसाल्ट ग्रॅनाइटच्या मानाने चांगला शांत दगड आहे, पण त्यात कोणी दालनं खोदून देणार नाही, आपल्याला बोगदा पाहिजे तो समृद्धीला.

असो. आता एका वेल्डच्या जोडाची गोष्ट.

एका टाकीचा नमुना जोड आला होता, स्टेनलेसचा, कुठल्या वर्कशॉपने केला ते नाव जाऊ दे. पत्रा आम्ही आधीच तपासलेला, चांगला निघालेला. जोड लावला, रेडॉन जाऊ दिला, आणि आठव्या-नवव्या दिवशी उजव्या टोकाला ठिपके बसायला लागले. २६१४. मग एकट्याचा संशय येऊ नये म्हणून असावं, त्याचे बाकीचे भाऊबंदही आले. युरेनियम काही नाही, नुसतं थोरियम. मीटिंगमध्ये चर्चा सुरू, धुण्यात काही राहिलं का, पिशवी कुठली वापरली, हातमोजे बदलले होते का, सगळ्यांचा रोख हळूहळू माझ्याकडे, कारण धुतलं मीच होतं. आम्ही तुकडा कापला. पत्र्याचा भाग वेगळा मोजला, वेल्डचा वेगळा. पत्रा स्वच्छ. जे काय होतं ते वेल्डच्या शिवणीत.

त्या रात्री अण्णांना सहज फोन केला होता, वेल्डिंगचा विषय म्हणून. म्हटलं अण्णा, आर्गनच्या जोडात बाहेरचं काय काय जाऊ शकतं?

"फिलर रॉड जाते. आणि नवशिक्या असला तर टंगस्टन टेकवतो, मग टोक तुटून आत राहतं. का गं?"

"टंगस्टनमध्ये काय असतं अजून?"

"टंगस्टनमध्ये टंगस्टन असतं." मग थोडं थांबून, "लाल का हिरवा?"

मी म्हटलं म्हणजे?

"अगं हिरवं टोक म्हणजे निव्वळ टंगस्टन. लाल म्हणजे त्यात काहीतरी घातलेलं असतं, आर्क पटकन बसतो. पाकिटावर लिहिलेलं असतं बघ."

पाकिटावर लिहिलेलं असतं. डब्ल्यूटी-२०. लाल टोक म्हणजे दोन टक्के थोरियम ऑक्साइड, हे लो-बॅकग्राउंडच्या, म्हणजे आमच्यासारख्या कमीत कमी रेडिओॲक्टिव्हिटीच्या, कामात जुन्या लोकांना पाठ असतं, ड्रॉइंगवर स्पष्ट लिहितात की थोरियमवाला इलेक्ट्रोड वापरायचा नाही, सेरियमचा किंवा लँथॅनमचा वापरायचा. आमच्या ड्रॉइंगवरही लिहिलेलं होतं. वर्कशॉपमधल्या कोणीतरी नेहमीचा हाताला आला तो लावला असणार. मी सकाळी मीटिंगमध्ये विचारलं की इलेक्ट्रोडचं टोक कुठल्या रंगाचं होतं ते त्यांना विचारा. दोन दिवसांनी उत्तर आलं. लाल.

सगळे माझ्यावर खूश. मी पण. एम.एस्सी.ला आमच्या सरांनी गॅसबत्तीचं मेंटल आणून गायगर काउंटरला लावलं होतं, काउंटर कसा कडकडला होता, तेही तेव्हा आठवलं, तेच थोरियम, गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचं. मी हसत हसत ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले.

मग एका दुपारी, सॅम्पल बदलायचं नव्हतं, नुसतीच बसले होते, म्हणून हिशोब केला. २.४ मिलिमीटर जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांब एक कांडी, वजन तेरा ग्रॅमच्या आसपास, त्यात दोन टक्के. नुसतं थोरियम-२३२ धरलं तरी सेकंदाला नऊशेच्या आसपास अणू फुटणार. आम्ही स्टीलला किलोमागे एक मिलीबेकरेलवरून नाकं मुरडत होतो. म्हणजे एका कांडीतलं थोरियम नऊशे टन स्टीलमध्ये सारखं कालवलं तर कुठे ते स्टील तेवढं अस्वच्छ होईल. एका कांडीतलं. अण्णांना दहाचं पाकीट किती दिवस पुरायचं? आणि ती कांडी संपायची कशी, तर बरीचशी ग्राइंडरवर. भुकटी होऊन.

वेल्डिंग करताना फारसं काही हवेत जात नाही, हे मी नंतर वाचून काढलं. भानगड घासताना होते. थोरियम अंगाबाहेर असेल तर फार काही करत नाही, त्यातून निघणारे अल्फा कण कातडीवर थांबतात. धूळ छातीत गेली तर मात्र ती तिथेच बसते. म्हणून घासताना धूळ ओढून घेणारं यंत्र लावा, मास्क लावा असं लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. तीस वर्षं. कधीतरी रुमाल. आम्ही मात्र त्या झेनॉनच्या टाकीत जाताना बनी सूट, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा सूट, दोन जोड हातमोजे, टोपी, मास्क, कारण टाकीला आमच्यामुळे काही व्हायला नको.

डिसेंबरात घरी आले तेव्हा अण्णांना घेऊन गेले डॉक्टरांकडे. खोकला तसा त्यांना हिवाळ्यात असतोच. एक्स-रे काढला. डॉक्टर काचेवर फिल्म लावून म्हणाले क्लिअर आहे, काही नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, झालं समाधान? मी हो म्हटलं. फिल्मवर काही दिसत नाही म्हणजे याहून मोठं काही असतं तर दिसलं असतं, एवढंच त्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि त्यांच्या यंत्राची मर्यादा काय ते त्यांना विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. नाही विचारलं.

घरी येऊन त्यांना सगळं समजावलं. चहा पीत शांतपणे ऐकलं. थोरियमची साखळी, कांडीचा हिशोब, नऊशे टन. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमच्या त्या टाकीला चालत नाही."

"टाकीला नाही, अण्णा, माणसालाच नाही चालत."

"हं." मग म्हणाले, "नाना पण घासायचा." नाना म्हणजे त्यांच्याकडचा वेल्डर, आता गावी असतो, सिन्नरच्या पुढे. त्यांनी फोन लावला, पाच मिनिटं पाऊसपाणी आणि कांद्याच्या भावाचं बोलले, खोकलाबिकला नाही ना रे विचारलं, ठेवला.

शेड आता भाड्याने दिली आहे, पण कोपऱ्यातलं एक कपाट अजून अण्णांचं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी करड्या टोकाचं एक पाकीट घेऊन गेले होते, सेरियमचं, मुद्दाम. त्यांनी भाडेकरूच्या मशीनवर एक कांडी लावून बघितली, भंगारातल्या पत्र्यावर दोन इंच शिवण ओढली, हेल्मेट वर करून म्हणाले, बसतो आर्क, पण लालसारखा नाही. कपाटात बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात लाल टोकाच्या अकरा कांड्या निघाल्या, चार अजून कोऱ्या.

"ह्या टाकायच्या कुठे?"

मी विचार करायला लागले. घंटागाडीत नाही. भंगारवाल्याला दिल्या तर टंगस्टनला भाव चांगला येतो, तो त्या पुढे कोणालातरी देणार, तो घासणार. गोदावरीत तर नाहीच. आमच्या लॅबमध्ये अशा गोष्टींचा फॉर्म असतो, बंद पिंप असतं, सही करणारा माणूस असतो.

अण्णांनी थोडा वेळ वाट बघितली, मग डब्याचं झाकण लावलं आणि डबा होता तिथेच, मागच्या बाजूला, सरकवून ठेवला.